नऊ नंबरचा फॉर्म

इन्चार्जबाईंनी फॉर्म तिसऱ्यांदा मोजले. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि एकेक कागद उलटायचा. तेरा, चौदा, पंधरा. त्यांना स्वतःला सोडून वॉर्डात नर्स चौदा. रजेवर कुणी नाही, बदलीवर कुणी आलेलं नाही. हा पंधरावा कागद आला कुठून, ते काही त्यांच्या ध्यानात येईना.

समोर स्टुलावर फॉर्मवाली बसली होती. तिने आपलं नाव परवा आल्या आल्या सांगितलं होतं, पण वॉर्डाने ते बाजूला ठेवून तिला फॉर्मवाली करून टाकलं. वयाने लहान, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टोक काढलेल्या पेन्सिलींचा जुडगा. साथ सरून चार वर्षं झाली होती. त्या दिवसांनी दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या मनावर काय काय ठेवून दिलं, ते मोजायला ती आली होती. एका कागदावर वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं, 'कधीच नाही'पासून 'सतत'पर्यंत, म्हणजे शून्यापासून चारापर्यंत. शेवटी सगळ्याची बेरीज.

"मन मोजता येतं होय?" मावशींनी परवा तिला विचारलं होतं. मावशी या वॉर्डाच्या आया. चादरींचा गठ्ठा कडेवर घेऊन त्या मुद्दाम थांबल्या होत्या.

"ताप मोजतो ना, तसंच."

"ताप काखेत मोजतात. हे कुठे लावणार?"

वॉर्ड हसला होता, पेशंटसुद्धा. फॉर्मवालीही हसली. मग तिने फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं आणि तिथेच सगळं घोडं अडलं. नाव लिहू नका, ती म्हणाली. वरच्या चौकोनात फक्त एक नंबर टाका, तुमच्या लक्षात राहील असा कुठलाही. सहा महिन्यांनी परत येईन, तेव्हा तोच नंबर घाला, म्हणजे कुणाचा फॉर्म कुणाला कळणार नाही.

आता नर्सच्या लक्षात राहणारा नंबर कुठला? लग्नाची तारीख विसरेल, पण बेडचा नंबर विसरायची नाही. चौदाही जणींनी चौकोनात बेडचे नंबर टाकले. चार नंबर तर तिघींनी घेतला होता. आणि कागदाच्या डोक्यावर बेडचा नंबर चढला, तसा प्रत्येकीचा हात पुढे आपोआप चालत गेला.

फॉर्मवालीने एक कागद उचलून वाचला. "बेड सतरा. 'झोपेतून दचकून जाग येते का?' खूण 'क्वचित'वर. शेजारी लिहिलंय, 'पहाटे एकदा, लघवीसाठी. परत झोपले.'" तिने दुसरा उचलला. "'राग अनावर होतो का?' 'हो, इंजेक्शनच्या वेळी.'" आणि तिसरा. "'त्या दिवसांची आठवण टाळावीशी वाटते का?' 'नातेवाइकांना विचारून सांगते.'"

इन्चार्जबाईंना आधी हसू फुटलं, मागोमाग ओशाळल्यासारखं झालं.

"मी त्यांना स्वतःबद्दल विचारलं होतं, सिस्टर."

"कळतंय मला. पण आमचं असंच आहे बघा. कागदावर स्वतःबद्दल काही लिहायची सवयच नाही कुणाला. रजेचा अर्ज काय तो."

"तुमचा यातला कुठला?"

"माझा राहिला. घेतला होता हातात, तेवढ्यात फोन आला. कुठल्याशा वहीत सारून ठेवलाय. देते नंतर भरून."

फॉर्मवालीने मान हलवली आणि गठ्ठ्याच्या तळाचा कागद वर काढला. तो टेबलावर ठेवताना तिने जरा वेळ घेतला.

"हा मात्र वेगळा आहे."

त्यावर एकही शेरा नव्हता. नुसत्या खुणा, त्याही बाकीच्या जणींसारख्या टिकमार्कच्या नव्हेत. उभ्या रेघा, पेन्सिल इतकी दाबून ओढलेल्या, की मागच्या बाजूला कागद उठून आला होता. बहुतेक सगळ्या उजव्या टोकाला, 'सतत'च्या घरात. डाव्या टोकाला फक्त एक. वरच्या चौकोनात नऊचा आकडा, गोलसर, सावकाश काढलेला.

"बेरीज बासष्ट," फॉर्मवाली म्हणाली. "चाळिसाच्या पुढे आम्ही लाल खूण करतो. साठाच्या पुढचा फॉर्म मी आजवर दोनदाच पाहिलाय. अशा माणसाला त्याच दिवशी कुणीतरी भेटायचं, असा आमचा नियम आहे. मी पाचपर्यंत थांबते. नाही सापडलं, तर कागद वरच्या ऑफिसात द्यावा लागेल. ते मग चौदाही जणींना एकेक करून बोलावतील."

वरचं ऑफिस म्हणजे काचेचं दार, बाहेर लाकडी बाक, आणि बाकावर बसलेल्या नर्सकडे येता-जाता बघणारा सगळा दवाखाना. जिचं मन आधीच काठावर आलंय, ती त्या बाकावरून उठून सरळ घरी जाईल आणि परत यायची नाही. किंवा घरीही जायची नाही. त्यांनी घड्याळात पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

"माझ्या मुली मी ओळखते," त्या म्हणाल्या. "पाचाच्या आत सांगते तुम्हाला."

मग म्हणाल्या, "नऊ नंबरचा बेड या वॉर्डात नाही. आठानंतर एकदम दहा."

होता, साथीत होता. तिथे शेवटी त्यांची जोडीदारीण होती. दोघी एका वर्षी शिकायला आल्या, वसतिगृहाच्या एका खोलीत राहिल्या, याच वॉर्डात एका महिन्याच्या अंतराने लागल्या. जोडीदारीण नऊ नंबरवर सतरा दिवस होती आणि ते सतरा दिवस इन्चार्जबाई ड्यूटी असो नसो, तिच्या उशाशी ऑक्सिजनचे आकडे बघत होत्या. अठराव्या दिवशी दुपारी जोडीदारणीने हातानेच खूण केली, जा, खाऊन ये. त्या गेल्या. दहा मिनिटांत परत आल्या, तेव्हा पडदा ओढलेला होता.

पुढे वॉर्डाची मांडणी बदलली. कुठला तरी एक बेड कमी करायचा होता, तर नऊ नंबरचा स्टोअरमध्ये गेला आणि त्या जागी इन्चार्जबाईंनी आपलं टेबल आणवलं. इथे उजेड चांगला आहे, असं त्यांनी सुताराला सांगितलं होतं. उजेड चांगला होता हे खरंच. भिंतीवर नंबराची पाटी राहिली, तिच्यावर त्यांनी ड्यूटीचा तक्ता टांगला. टेबलाखाली फरशीवर बेडच्या चाकांचे चार काळपट ठसे होते, ते फिनेलने घासूनही गेले नाहीत. त्यांची पावलं दिवसभर त्या चार ठशांच्या मध्ये असत.

चौदा जणींपैकी तेव्हाच्या आता दोघीच उरल्या होत्या. बारकी आणि गाणारी. नऊ नंबर लक्षात असणार तो या दोघींच्याच. इन्चार्जबाई उठल्या.

दुपारी तीननंतर वॉर्डाला एक गुंगी येई. जेवणं झालेली, भेटीची वेळ व्हायची असलेली. पडदे वाऱ्याने फुगत आणि हळूहळू रिकामे होत, परत फुगत. सलाइनचे थेंब एकेक पडत. खिडकीतला उजेड फरशीवर लांबट पसरे आणि त्यातून चालताना पायांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे. या वेळी इन्चार्जबाईंना कधीकधी वाटायचं, आपण आठ नंबरवरून पुढे गेलो की मध्ये अजून एक पडदा लागेल, आणि तो बाजूला केला की जोडीदारीण म्हणेल, काय गं, इतका वेळ जेवत होतीस? आजही आठ आणि दहाच्या मधून जाताना त्यांचा हात उगाच वर झाला. त्यांनी तो केसांवरून फिरवून खाली घेतला.

बारकी अकरा नंबरपाशी सलाइनची नळी बोटाने टिचकावत होती. साथीत आली तेव्हा इतकी हडकुळी होती, की तिच्या मापाचा गणवेश मिळेना. आता दोन मुलांची आई झाली होती, तरी नाव बारकीच.

"झोप लागते का गं नीट?" इन्चार्जबाईंनी विचारलं.

"मला? पडल्या पडल्या, ताई. धाकटा उठवतो तेवढंच." बारकीने नळीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"माझं काय घेऊन बसलीस. तुला ते दिवस आठवतात का, ते सांग."

"आठवतात. का नाही आठवणार? मध्ये खूपच व्हायचं. मग नवऱ्याला सगळं सांगितलं एकदा बसून. दोन दिवस सांगत होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, आता जेवू या का?" ती हसली, आणि हसताना तिचे डोळे स्वच्छ होते. "तुम्ही कुणाला सांगितलंत, ताई?"

इन्चार्जबाईंनी थेंब मोजल्यासारखं केलं आणि पुढे सरकल्या. बारकी नव्हे. गेल्या आठवड्यात त्यांचा नवराही त्यांना म्हणाला होता, तू झोपेत आकडे म्हणतेस, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, असे उतरते. त्या म्हणाल्या होत्या, कामाचं असेल काहीतरी.

गाणारी औषधांच्या खोलीत होती. काम करताना ती काहीतरी गुणगुणायची, तिचा सूर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कळायचा. आज खोली गप्प होती. इन्चार्जबाईंच्या मनात पाल चुकचुकली. दारातच उभं राहून त्या बघत राहिल्या. गाणारी गोळ्या छोट्या कपांत टाकत होती, ओठ घट्ट मिटलेले.

"गाणं बंद का आज?"

गाणारीने मान वळवली आणि गालावर बोट टेकवलं. गाल सुजला होता. "अक्कलदाढ," ती कशीबशी म्हणाली. "या वयात."

इन्चार्जबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिला दातांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, उद्याची ड्यूटी बदलून देते म्हणाल्या. गाणारीने मान डोलावली. मग सुजल्या गालानेच विचारलं, "ताई, डबा आजही तसाच ना?"

"खाईन गं."

"कधी?"

त्यांनी घड्याळात पाहिलं. साडेचार होत आले होते. दोघींपैकी कुणी नाही, म्हणजे कोण? नवीन मुलींपैकी नऊ नंबरचं कुणाला काय ठाऊक? त्या वॉर्डभर फिरल्या. कुणी पेशंटची उशी उंच करत होती, कुणी रिपोर्ट लावत होती. त्यांनी प्रत्येकीचा चेहरा पाहिला आणि प्रत्येकीने त्यांच्याकडे पाहून विचारलं, काय ताई, काही हवंय का? चौदा माणसं आपण ओळखतो, असं तासाभरापूर्वीच त्या किती सहज बोलून गेल्या होत्या.

टेबलापाशी परत आल्या, तर फॉर्मवालीने पेन्सिली पिशवीत भरायला घेतल्या होत्या. लाँड्रीची वही सहीसाठी टेबलावर येऊन पडली होती. रोज याच वेळी पडायची. सही करायची आणि वही मावशींकडे जायची. इन्चार्जबाईंनी सवयीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

चादरी. उशीचे अभ्रे. टॉवेल. प्रत्येकासमोर मोजणीच्या रेघा. उभ्या, एकीशेजारी एक, पेन्सिल दाबून ओढलेल्या. त्यांनी पान उलटून मागून बोट फिरवलं. कागद उठून आला होता.

त्यांनी नऊ नंबरचा फॉर्म वहीशेजारी ठेवला. पेनाचं टोपण परत लावलं. त्यांच्या लक्षात आलं, की परवा फोन आला तेव्हा आपला कोरा फॉर्म त्यांनी याच वहीत सारला होता.

"सापडलं?" फॉर्मवालीने विचारलं.

"बसा," इन्चार्जबाई म्हणाल्या. "आलेच."

लाँड्रीच्या खोलीत मावशी स्वच्छ चादरींच्या घड्या घालत होत्या. खोलीत साबणाचा आणि उन्हाचा वास होता, चादरी कपाटात छतापर्यंत रचलेल्या. इन्चार्जबाईंनी दार लोटून घेतलं आणि कागद पुढे केला.

"मावशी, हा तुम्ही भरलात?"

"हो." मावशींनी हात पुसले. "तुम्हीच ठेवला होतात ना वहीत? म्हटलं माझ्यासाठी असेल. दोन दिवस लागले, बाई. मला वाचायला वेळ लागतो. झाला तसा गठ्ठ्याखाली सारला."

"काय झालंय तुम्हाला? इतकं सगळं सोसत होतात आणि कुणाला बोलला नाहीत?"

"मला?" मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मला काय झालंय? गुडघे दुखतात, ते त्यात विचारलेलं नाही."

"मग हे कुणाचं लिहिलंत?"

"नऊ नंबरचं." मावशींनी चादरीचं एक टोक उचलून त्यांच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. दोघी नकळत मागे सरल्या, चादर ताणली गेली. "सगळ्या आपापल्या बेडचं लिहीत होत्या. मी बघत होते ना. चार नंबर तिघींनी लिहिला, नऊ नंबर कुणीच घेईना. म्हटलं, एक राहायला नको."

"नऊ नंबरवर कुणी नाही, मावशी."

"तुम्ही आहात की."

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती. इन्चार्जबाई आपली टोकं धरून होत्या तिथेच उभ्या होत्या. मावशी आपल्या बाजूने आल्या, टोकाला टोक जुळवलं आणि त्यांच्या हातातली टोकं अलगद काढून घेतली.

"दचकता का, असं होतं त्यात. दुपारी औषधांची घंटा झाली, की तुमच्या हातातलं पेन पडतं. मीच उचलून देते. जागेवरून उठवत नाही का, असं काहीतरी होतं. कुणी बोलवलं तरी जेवणाच्या वेळेला तुम्ही टेबल सोडत नाही. डबा उघडता, बघता, मिटता. त्याला मी शेवटची रेघ दिली. चूक केली का?"

"नाही."

"एकाला फक्त पहिली दिली. रडू येतं का, त्याला. ते मी कधी पाहिलं नाही. न पाहिलेलं कसं लिहू?"

इन्चार्जबाई चादरींच्या थप्पीला टेकल्या. मग म्हणाल्या, "मी दहा मिनिटांसाठी गेले होते. सतरा दिवसांत एकदा. आणि ती एकटी..."

"एकटी कुठे?" मावशी म्हणाल्या. "मी होते ना."

इन्चार्जबाईंनी वर पाहिलं.

"तुम्ही जेवायला गेलात आणि मी चादर बदलायला आले. तिने माझा हात धरला, मग मी चादर तशीच ठेवली आणि बसले. काही बोलली नाही. दुखत नव्हतं तिला, तोंडावरून कळतं ना आपल्याला. दाराकडे बघत होती आणि मग बघायची थांबली. हात मी नंतरच सोडवला. पडदासुद्धा मीच ओढला."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. डॉक्टरांनी वेळ लिहिली, सिस्टरांनी सामान लिहिलं. माझं काय लिहायचं होतं?" मावशींनी घडी थप्पीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दोघी वॉर्डात आल्या, तेव्हा पाचाला दहा कमी होते. भेटीला आलेली माणसं बेडच्या कडेला बसली होती, कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. फॉर्मवाली स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. इन्चार्जबाईंनी भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. मागे पत्र्याची छोटी पाटी होती, पांढऱ्यावर निळा नऊ, एका कोपऱ्यात गंजलेला. मग त्या खुर्चीत न बसता टेबलाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला पेशंट सोपवते, तेव्हा जिथे उभी राहते, तिथे.

"नऊ नंबर," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, ना मोठा ना बारीक. "झोप तीन तास, तीही तुटक. जेवण नाही. बोलणं कामापुरतं. चार वर्षं झाली."

मावशी हात पुढे बांधून ऐकत होत्या, नर्स ऐकतात तशा, मध्ये न बोलता. फॉर्मवालीने पेन्सिल काढली होती, ती तिने पिशवीत परत ठेवली.

"अजून काही?" मावशींनी विचारलं.

"लक्ष ठेवायचं."

"ठेवते. तुम्ही जा, जेवून या. मी बसलेय इथे."

इन्चार्जबाईंनी खणातून डबा काढला. आठ नंबर, सात, सहा असं करत त्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून एकदा मागे पाहिलं. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर, आणि फॉर्मवाली स्टूल ओढून त्यांच्या जवळ सरकली होती. मागच्या खिडकीतला उजेड दोघींवर पडला होता.

नर्सच्या खोलीत कुणी नव्हतं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसल्या. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, दोनदा फिरवावं लागलं. सकाळचं अन्न गार झालेलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला, तो गिळायला वेळ लागला. दुसरा त्यापेक्षा सोपा गेला. घड्याळात पाच वाजले, मग पाचावर पाच मिनिटं झाली. दहा मिनिटं झाली. त्या जेवत राहिल्या.